मी वाचलंय, सर

सराव परीक्षांचा मोसम आला की तो मला आधी कानांना कळतो. बिल्डिंगखालचं क्रिकेट बंद पडतं आणि जिन्यातून पाठांतराचे आवाज येऊ लागतात. मग वारा. जानेवारी सरताना दुपारी खाडीकडून वारा सुटतो, त्याला पूर्वी मिठागरांचा खारट वास असायचा. मिठागरं आता आक्रसली, तरी मी खिडकीत उभी राहून तो वास हुंगायचा प्रयत्न करते. आणि हल्ली तिसरी खूण म्हणजे फोनची टुणटुण. धाकट्या बहिणीची, सुजाताची मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्या शाळेचे पेपर पीडीएफ होऊन येतात, आणि सुजाता ते बघायच्या आधीच मला पुढे ढकलते.

परवाही आला एक. खाली सुजातानं लिहिलं होतं, "ताई, हिला उतारा सोडवून दाखव ना. तुला माहितीये, मला उतारे कळत नाहीत." पुढे हसरा चेहरा.

हे वाक्य आमच्या घरात पंचवीसहून जास्त वर्षं आहे. बँकेचा फॉर्म आला, सोसायटीची नोटीस आली, डॉक्टरांची चिठ्ठी आली की सुजाता तो कागद माझ्यापुढे सरकवते आणि हसत हेच म्हणते. सगळे हसतात. मीही हसते. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारते, कारण कानापर्यंत गरम झालेलं असतं. सुजाताला उतारे कळत नाहीत हे खोटं आहे, आणि ते खोटं मी तिला दिलंय.

तेव्हा मी एकवीस-बावीसची असेन. नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला, फळवाल्यांच्या मागच्या गल्लीत जिग्नेशभाईंचं दुकान होतं. पाटीवर 'कॉम्प्युटर डी.टी.पी., लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड' असं तीन रंगांत लिहिलेलं. आत काचेचं दार, दाराबाहेर चपला काढायच्या, आणि एसी फक्त कॉम्प्युटरसाठी. आम्ही माणसं त्याच्या आसपास बसून थंड व्हायचो ते फुकटात. मी तिथे मराठी टाइप करायची. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे कसरत होती. अर्धा श एका बटणावर, त्याची काठी दुसऱ्या बटणावर, रफार तिसरीकडे, आणि एखादं बटण चुकलं की उकार भलत्याच अक्षराच्या पायाशी जाऊन पडायचा. पण ते सगळं जमून लेझर प्रिंटरमधून गुळगुळीत बटर पेपर बाहेर आला, की त्यावरची काळीभोर अक्षरं बघून मला स्वतःचा हेवा वाटायचा.

आमचं घर मराठवाड्यातून आलेलं. पप्पा शिपाई होते. भिंतीवर तसबीर होती, तसबिरीतल्या हातात पुस्तक होतं, आणि त्या घरात छापलेल्या कागदाला पाय लागला तर तो उचलून कपाळाला लावायची रीत होती. भेळेचा कागदसुद्धा. पप्पांना वाचता यायचं, पण ओळीखाली बोट धरून, अडखळत. म्हणून संध्याकाळी पेपर वाचायचं काम सुजाताचं. ती पहिल्या पानापासून हरवल्या-सापडल्यापर्यंत सगळं मोठ्यानं वाचायची, आणि मध्येच थांबून म्हणायची, "पप्पा, हे बघा, वर बारा जखमी म्हणतात न् खाली चौदा. ह्यांचं ह्यांनाच माहीत नाही!" पप्पा खूश व्हायचे. "लई बारीक नजर हाय पोरीची. वाच, अजून वाच," म्हणायचे. मी टाइप करते म्हणून मी घरातली शिकलेली, पण वाचायला आवडायचं ते सुजातालाच. मला अक्षरांचा आकार आवडायचा. हा फरक मला फार उशिरा कळला.

फिलिप सर माझे मराठीचे सर. उत्तनजवळच्या तारोडी गावचे. शाळेत बोलायचे ते अगदी नीटनेटकं प्रमाण मराठी; गावाकडचं कुणी भेटायला आलं की दारातच "काय गो, बरी हाय ना?" असं सुरू व्हायचं, आणि आम्ही मुली खुदुखुदु हसायचो. भाईंदर-उत्तनच्या पाच-सहा मराठी शाळा मिळून दहावीची सराव परीक्षा घ्यायच्या आणि मराठीचा पेपर वर्षानुवर्षं सरच काढायचे. नुसता काढायचे नाहीत, लिहायचेसुद्धा. स्टेन्सिलच्या मेणकागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं एकेक अक्षर कोरायचे. मी शाळेत असताना त्यांना स्टाफरूममध्ये तसं लिहिताना पाहिलंय. जीभ दातांत धरलेली, मान वाकडी. मग सायक्लोस्टाइलच्या मशीनवर शाईचा वास सोडत पेपर निघायचे. त्यांवर कुठे शाई फुटलेली असायची, कुठे अक्षर पुसट. परीक्षेत आम्ही बिनधास्त हात वर करायचो, "बाई, हे काय लिहिलंय? सरांचं चुकलंय का इथे?" हातानं लिहिलेलं म्हणजे कुणीतरी माणसानं लिहिलेलं, आणि माणसाला विचारता येतं.

मग शाळांना कॉम्प्युटरचे पेपर हवेसे वाटू लागले. शेजारच्या इंग्रजी शाळांचे पेपर छापील, आपले मात्र शाई गळणारे, म्हणून पालकही कुरकुरायचे. पहिल्या वर्षी सर दुकानात आले तेव्हा दाराबाहेर चपला काढून, दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. मी त्यांना स्क्रीनवर त्यांचंच नाव टाइप करून दाखवलं. "छान गं वंदना, फारच छान," एवढंच म्हणाले, पण निघताना ते नाव छापलेला चिटोरा खिशात घालून घेऊन गेले. त्या वर्षीच्या पेपरात उतारा होता 'वक्तशीरपणाचे महत्त्व'. कुठल्याशा जुन्या संग्रहातला. मी तो इमानेइतबारे टाइप केला होता.

दुसऱ्या वर्षी, त्याच दिवसांत, सर पुन्हा आले. बंद पाकीट माझ्या हातात देत थोडे लाजल्यासारखे म्हणाले, "या वेळी उतारा मी स्वतः लिहिलाय. आमच्या आजीचा. बोंबील वाळवण्याचा."

दोन पानं होती, बारीक सुबक अक्षरात. मी वरवर नजर टाकली. ओले बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या मांडवावर जोडीजोडीनं कसे टाकायचे, उत्तरेचा वारा असला तर ते किती दिवसांत वाळतात, ढग आले तर आजी काय करायची, असं काहीतरी. काहीतरी म्हणते, कारण याहून जास्त मी वाचलंच नाही. आज त्या दोन पानांतलं एक सबंध वाक्य मला आठवत नाही, आणि ती पानं आता जगात कुठेही नाहीत.

लग्नसराई होती. दुकानात पत्रिकांचा ढीग. जिग्नेशभाई दर दहा मिनिटांनी डोकावत होते. "अरे बेन, नया काहे को बनाती है? लास्ट इयर का फाइल खोल, उसके ऊपर मार दे. आधा टाइम में होगा."

तसंच केलं मी. गेल्या वर्षीची फाइल उघडली, नवं नाव देऊन ठेवली, आणि वरून खाली एकेक प्रश्न खोडून नवा टाइप करत गेले. शेवटच्या पानावर उतारा आला. लांबलचक, आणि त्यात गावाकडचे शब्द. त्या फॉन्टमध्ये ते जुळवताना रडकुंडीला आले असते. म्हटलं, आधी खालचे प्रश्न मारू, उतारा मग निवांत घेऊ. प्रश्न मारले. तेवढ्यात एका वरमाईंना पत्रिकेवरच्या गणपतीची सोंड उजवीकडे हवी होती, ती फिरवून दिली. परत आले तेव्हा पान भरलेलं होतं.

याचा मी फार विचार केलाय. स्टेन्सिलवर सरांनी उतारा लिहायचा ठेवला असता, तर तिथे कोरी जागा राहिली असती. कोरी जागा ओरडते. माझ्या पडद्यावर कोरं काहीच नव्हतं. वर वक्तशीरपणाचा उतारा, खाली बोंबलांचे प्रश्न, समास सरळ, अक्षरं देखणी. अपुरं काम पुरं झाल्यासारखं दिसत होतं, आणि मी दिसण्यावर भाळणारी.

सर प्रूफ बघायला आले तेव्हा नेमकी लाइट गेली. यूपीएस चिरकायला लागला. लाइट यायला अर्धा तास गेला, प्रिंट निघायला आणखी थोडा, आणि सरांची उत्तनची बस ठरलेली. ते स्टुलावर बसून पहिल्या ओळीपासून वाचू लागले. पेनाचं टोक शब्दाशब्दाला टेकवत. एक वेलांटी सुधारली, एक स्वल्पविराम घातला. शेवटचं पान हातात घेतलं तेव्हा बसला सात-आठ मिनिटं उरली होती. त्यांनी खालचे प्रश्न पाहिले. स्वतःचे शब्द छापलेले बघून चेहरा खुलला. मग नजर वर उताऱ्याकडे जाणार, तेवढ्यात मी म्हणाले,

"सर, उतारा मी वाचलाय. सगळा. एकही चूक नाही. तुम्ही निघा, बस जाईल."

"वाचलायस ना?"

"मी वाचलंय, सर."

त्यांनी प्रूफवर सही केली. मग रिवाजाप्रमाणे त्यांच्यासमोर मी त्यांची हस्तलिखित पानं फाडली. पेपर फुटू नये म्हणून तसंच करायचे. आधी दोन तुकडे, मग चार, मग आठ. सर चपला घालून पळत सुटले. बटर पेपर काशीमिऱ्याच्या प्रेसमध्ये गेले आणि गठ्ठे सीलबंद होऊन शाळांत पोचले.

आपण ज्यांना फसवतो ती माणसं पुष्कळदा आपल्यावर विश्वास टाकण्याच्या घाईत असतात. त्यांना बस पकडायची असते. मी तेव्हा एवढी वाईट नव्हते, असं म्हणायची मला फार इच्छा होते. पण ते तीन शब्द कुणी माझ्या तोंडात घातले नव्हते. मला पत्रिका उरकायच्या होत्या आणि मला वाटलं होतं, छापलंय म्हणजे असणारच बरोबर.

सुजाताची शाळा वेगळी होती, कारण मधल्या काळात आम्ही खोली बदलली होती. पण परीक्षा तीच, पेपर तोच. त्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी गेले, तर सुजाता शाळेच्या कपड्यांतच भिंतीला टेकून बसलेली. आईनं वाढलेलं ताट तसंच.

"उतारा कळलाच नाही गं ताई. तीनदा वाचला. उतारा वेळेवर यायचं म्हणतो आणि प्रश्न विचारतात, बोंबील कोणत्या वाऱ्यानं वाळतात!"

मी पेपर हातात घेतला. शेवटचं पान. माझेच समास, माझीच अक्षरं. वर वक्तशीरपणा, खाली बोंबील.

"मग काय लिहिलंस?"

"काय लिहिणार? 'वेळेवर वाळत घातल्यास बोंबील लवकर वाळतात.'" एवढं बोलून ती हसली, मग हसता हसताच रडायला लागली. आणि मग तिनं माझ्याकडे सरळ बघत विचारलं, "ताई, पेपरच चुकीचा असेल का गं? असं होतं का कधी?"

बारा जखमी आणि चौदा जखमी पकडणारी ती पोर. तिनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. फक्त तिला कुणीतरी 'हो' म्हणायला हवं होतं, आणि जगात तेव्हा ते म्हणू शकणारी एकटी मी होते.

मी म्हणाले, "छापलेला पेपर चुकतो होय? नीट वाचलं नसशील. तुझं लक्षच नसतं हल्ली."

सुजातानं पेपराची घडी घालून दप्तरात ठेवली. पप्पांनी संध्याकाळी विचारलं, "कसा गेला?" तर म्हणाली, "उतारा नाही कळला मला."

चार दिवसांनी फिलिप सर दुकानात आले. त्यांनाही उशिराच कळलं होतं, आणि त्याचं कारण ऐकून मला रडावं की हसावं कळेना. त्यांच्या शाळेतल्या तारोडी-उत्तनच्या पोरांनी उताऱ्याची उत्तरं अचूक लिहिली होती. घरी बोंबील वाळत घालणारी पोरं ती. त्यांनी उतारा बघितलाच नव्हता, आजीला आठवून लिहिलं होतं. सर खुशीत गुण देत गेले. मग भाईंदरच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाच्या उत्तरपत्रिकेत वेळेवर वाळणारे बोंबील निघाले, तेव्हा त्यांनी पेपर काढून पाहिला.

ते रागावले असते तर मी बहुतेक कबूल केलं असतं. पण ते स्टुलावर बसले आणि गावाकडच्या बोलीत म्हणाले, "न्हाय गो, चूक माझीच हाय. सही माझी हाय. म्या वाचला न्हाय." मला वाटतं, ते ऐकायची वाट बघत होते. मी "नाही सर, मी खोटं बोलले" म्हणेन म्हणून त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलंही. जिग्नेशभाई मागून म्हणाले, "सही है ना उनका? फिर अपना क्या?" मी कीबोर्डवरची धूळ पुसत राहिले.

सरांनी स्वतःच्या वर्गात मुलांची माफी मागितली. बाकीच्या शाळांसाठी चिठ्ठ्या लिहून मुख्याध्यापकांकडे दिल्या, पण त्या गेल्या नाहीत. पालकांत बोभाटा नको, मुख्याध्यापक म्हणाले, बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे. सुजाताच्या शाळेत पोरी 'उतारा लई कठीण होता' म्हणत राहिल्या आणि पुढच्या अभ्यासाला लागल्या. पाच-सहा शाळांतल्या इतक्या पोरांतून एकानंही परीक्षेत हात वर करून विचारलं नाही, हे मला सरांकडूनच कळलं. वर्गावरच्या बाईंनीही नाही. पुढच्या वर्षीपासून मराठीचा पेपर सरांकडून काढून घेतला. नव्या सरांचा पेपरही माझ्याकडेच आला. मी तो टाइप केला, पैकीच्या पैकी बिनचूक.

आता मी प्रुफं वाचते. पट्टी ठेवून, पुटपुटत, शब्दाला पेन टेकवत. प्रकाशक म्हणतात, वंदनाताईंच्या नजरेतून काही सुटत नाही. हल्लीची मुलं वाचत नाहीत, नेटवरून उचलून प्रोजेक्ट चिकटवतात, न वाचता पुढे ढकलतात, असं माझ्या वयाची मंडळी तावातावानं बोलतात तेव्हा मी चहाचे कप उचलून आत जाते. फोनवर कुठलंही काही उघडलं की आधी विचारतात, 'मी हे वाचले आहे व मला मान्य आहे'. जग बोट दाबून मोकळं होतं. माझं बोट अडखळतं. पण दाबते मीही. मला कुणाला नावं ठेवायला तोंड नाही. आमच्या गल्लीत ही रीत सुरू करणाऱ्यांत मी पहिली असेन.

सुजाताचं वाईट झालं असं नाही. दहावी झाली, बारावी झाली, नोकरी केली, संसार नेटका. फक्त त्या वर्षापासून पप्पांना पेपर वाचून दाखवायला ती बसेना. "तू वाच ना ताई, मला नीट कळत नाही," म्हणायची. मी वाचायची, भराभर, सपाट. पप्पा जरा वेळानं "राहू दे" म्हणायचे. पुढे त्यांनी पेपर बंदच केला.

परवा मी तिला फोन लावला. उताऱ्याबद्दल बोलायला लावला होता, पण तिनं "हॅलो" म्हटलं आणि पुन्हा हसत "अगं, मला कुठे—" म्हणून सुरुवात केली, तेव्हा मला ते वाक्य पुरं होऊ द्यायचं नव्हतं. मी सगळं सांगितलं. जुनी फाइल, वरमाई, बस, सरांची सही. तिनं विचारलेला प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, ती तिनं गॅस बंद करून थांबवली.

"म्हणजे पेपर चुकीचा होता," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुला तेव्हाच माहीत होतं. मी विचारलं तेव्हा."

"हो गं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मग ती अगदी हळू म्हणाली, "ताई, मी आधी लिहिलं होतं. 'याचे उत्तर उताऱ्यात दिलेले नाही', असं. पहिल्यांदा तेच लिहिलं होतं मी. मग वाटलं, छापलेलं आहे, माझंच चुकत असणार. म्हणून खोडलं."